बाळंतपण नऊ ते पाच

हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. एक तर यात मी फारसा हुशार दिसत नाही. म्हणजे अजिबातच दिसत नाही. दुसरं म्हणजे विषय बाळंतपणाचा. माझं लग्न झालेलं नाही, मूल नाही, आणि बाळंतपणातलं मला जे काही कळतं ते एका पोस्टरवर मावतं. मावलंयही. पोस्टर मीच केलंय.

पण ही गोष्ट सध्या गावभर तिखटमीठ लावून फिरतेय. म्हटलं, आपली फजिती आपणच सांगावी. निदान मिठाचं प्रमाण आपल्या हातात राहतं.

तर मी नगरपालिकेत आहे. ऐकणाऱ्याला वाटतं मोठी नोकरी. मी तसं वाटू देतो. खरं काम असं की जिन्याखाली एक खोली आहे, तिथं आधी झाडू ठेवायचे, आता मी बसतो. झाडूही आहेत. पालिकेची पोस्टरं, छोटे व्हिडिओ आणि बैठकीत दाखवायचे ग्राफ, एवढं मी करतो. कुठं शिकलो विचाराल तर कुठंच नाही. कॉलेज अर्ध्यात सोडलं, मग फोनवर व्हिडिओ बघत बघत शिकलो. एका व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, ग्राफ बोलला पाहिजे. तेव्हापासून माझे ग्राफ बोलतात. खरं बोलले पाहिजेत असं काही तो म्हणाला नव्हता.

आमच्या गावात पोरं जन्मायची कमी झालीत. शाळेत एका वर्गाला बाकं जास्त आणि पोरं कमी अशी पाळी आली तेव्हा अध्यक्षबाई, म्हणजे पालिकेच्या अध्यक्ष, खडबडून जाग्या झाल्या. त्यांनी मोहीम काढली. मोहिमेचं वाक्य मी लिहिलं: ‘पाळणा हलला तर गाव चाललं.’ मला ते फार आवडलं होतं. खोली झाडायला येणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं.

मावशी म्हणाल्या, “आणि तुझा कधी हलायचाय?”

घरी आईचं तेच. “अख्ख्या गावाला पोरं काढा म्हणून सांगत फिरतोस. आधी घरात एक सून आण की. का ते पण पोस्टर लावून करायचं?”

मोहिमेत प्रत्येक नव्या बाळाला पालिकेकडून एक पिशवी मिळते. टोपडं, दुपटं, पायमोजे आणि अभिनंदनाचं कार्ड. कार्ड मी केलंय. आईबाप गावात राहणारे असले की झालं, बाळ कुठल्या का दवाखान्यात जन्मेना. पिशवी दिली की एक बाळ मोजायचं, आणि ते माझ्या ग्राफात जायचं.

त्या महिन्यात माझ्या ओळखीतल्या दोघी दिवस भरत आलेल्या होत्या. पहिली माझी ताई. ती टेकडीवरच्या भागात राहते. भावोजींच्या कंपनीचा विमा चांगला आहे. लग्नानंतर कितीतरी वर्षं सुया, गोळ्या, तपासण्या आणि रडारड झाल्यावर तिला दिवस राहिले होते. त्यामुळे तिच्याकडे आम्ही काचेच्या बरणीकडे बघावं तसं बघायचो. तिनं शहरातल्या एका खासगी इस्पितळात खोली आधीच ठरवून ठेवली होती. मला फोटो दाखवले. नातेवाइकांसाठी सोफा, खिडकीला दोन-दोन पडदे, आणि कळा देताना कुठली गाणी लावायची तेही विचारतात म्हणे. गाण्यांची निवड ताईनं माझ्यावर सोपवली. बाळंतपणातलं मी केलेलं हे पहिलं खरं काम.

दुसरी, भट्टीची बायको.

भट्टी माझा लहानपणापासूनचा मित्र. बेकरीत रात्रपाळीला असतो, पण नाव त्याच्याही आधीपासूनचं आहे. शाळेत त्याला जरा काही बोललं की कान लाल व्हायचे. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. ती खालच्या भागात, फळांच्या पॅकिंग शेडमध्ये दिवसभर उभी राहून पेट्या भरते. आठवा सरला तरी उभीच होती. बसायला मिळतं का विचारलं तर म्हणाली, “मिळतं की. घरी.”

तिचं हे दुसरं. पहिल्या वेळी मुलगी झाली, सगळं नीट झालं, भट्टी फोन करायला बाहेर गेला, आणि तेवढ्यात तिला रक्त जायला लागलं. थांबेचना. आमच्या खालच्या भागात पालिकेचं छोटंसं प्रसूतिगृह आहे, सगळे त्याला खालचा दवाखाना म्हणतात. तिथल्या सिस्टरनं अक्षरशः हातानं दाबून ते रक्त रोखून धरलं, शहरातून रक्ताची बाटली येईपर्यंत. भट्टीनं हे मला एकदाच सांगितलं. सांगताना त्याचे कान पांढरे पडले होते.

आता डॉक्टर म्हणत होते, एकदा झालंय म्हणजे परत होऊ शकतं. शहरातल्या सरकारी इस्पितळात दाखवलं, तर तिथल्या लोकांनी तपासलं, कागदावर लाल शाईनं धोक्याची खूण केली आणि सांगितलं, “कळा सुरू झाल्या की या.” शहर घाटाच्या पलीकडे आहे. रात्री घाटात ट्रक अडकला की वाहनं सकाळपर्यंत हलत नाहीत. पहिल्यांदा वाचली ती खालचा दवाखाना घरापासून एका गल्लीवर होता म्हणून. हे भट्टीला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

आणि नेमकी तेव्हाच बातमी आली की खालचा दवाखाना बंद होणार. बाळंतपणं फार कमी होतात, खर्च परवडत नाही.

भट्टी थेट माझ्याकडे आला. जिन्याखाली. झाडू बाजूला करून बसला.

“तू बाईंशी बोल. तू तर त्यांच्याबरोबर चहा घेतोस ना?”

हे मीच त्याला सांगितलं होतं. झालं होतं असं की एकदा जिन्यात बाईंच्या हातातला चहा माझ्या शर्टावर सांडला. त्या सॉरी म्हणाल्या, मी असू दे म्हणालो. आता याला बरोबर चहा घेणं म्हणता येईल की नाही यावर दुमत असू शकतं.

“बोलतो,” मी म्हणालो. “माझं ऐकतात त्या.”

हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा माझ्यामागे भिंतीला टेकवलेला झाडू घसरून पडला. मी लक्ष दिलं नाही.

बैठकीसाठी बाईंनी मला दोन ग्राफ करायला सांगितले होते. एक मोहिमेचा, एक खालच्या दवाखान्याचा. मी दोन्ही केले, मन लावून केले. संध्याकाळी भट्टीची पाळी सुरू व्हायच्या वेळेला बेकरीत गेलो. त्याला दाखवायचं होतं की बघ, विषय माझ्याच हातात आहे. तो कोपरापर्यंत पिठात होता. मी फोन त्याच्या नाकासमोर धरला.

“हे वर चाललंय ते काय?”

“गावातली नवी बाळं. मोहिमेचं यश.”

“बरं. आणि हे धाडकन खाली पडतंय ते?”

“खालच्या दवाखान्यात जन्मलेली बाळं.”

त्यानं पिठाचा गोळा उचलून ओट्यावर आपटला. “म्हणजे पोरं वाढली का कमी झाली?”

“दोन्ही.”

“शुद्धीवर आहेस ना?”

“अरे, मोजायची पद्धत वेगळी आहे,” मी समजावायला लागलो. मला समजावायला फार आवडतं. “पहिल्यात पिशव्या मोजल्यात. आईबाप गावातले असले की झालं. दुसऱ्यात खाटा. त्या दवाखान्यातल्या खाटेवर जन्मलं तरच मोजायचं. आता टेकडीवरच्या सगळ्या बाया शहरात जातात. आणि खालच्यांतल्या ज्या अवघड असतात, त्यांना सिस्टरच वेळेत शहरात पाठवते. ती सगळी बाळं पिशवीत येतात. खाटेत येत नाहीत.”

“तुझ्या ताईचं?”

“पिशवीत.”

“आमचं?”

“तुमचं खाटेत. म्हणजे खाट राहिली तर.”

बोलून झाल्यावर ते मला ऐकू आलं. माझं असं होतं, आधी बोलतो आणि मग ऐकतो.

म्हणजे तीच बाळं एका ग्राफात बाईंच्या नावावर जमा होणार, आणि दुसऱ्यात दवाखान्याच्या नावावर गैरहजर. दोन्ही ग्राफ मी एकाच दुपारी केले होते, एकामागोमाग एक. मधे फक्त रंग बदलला होता. पहिल्याला हिरवा, दुसऱ्याला लाल. रंगांवर मी बराच वेळ घालवला होता.

“आणि हा उतार एवढा उभा?” भट्टीनं पिठाच्या बोटानं दाखवलं. माझ्या फोनवर पीठ लागलं. “एवढं कमी झालंय?”

“तेवढं नाही. थोडंसंच. पण खालचा भाग कापला ना की उठून दिसतं. शून्यापासून सुरू करायचं नाही. व्हिडिओत सांगतात तसं.”

“म्हणजे पाव तेवढाच, तू फोटो जवळून काढलास.”

“तसंच काहीसं.”

तो पीठ मळत राहिला. मी म्हणालो, “मी सांगतो बैठकीत. उभा राहून सांगतो.”

“सांग,” तो म्हणाला. “नीट सांग पण.”

दुसऱ्या दिवशी तयारी म्हणून खालच्या दवाखान्यात गेलो. आतापर्यंत मी तिथं फक्त पोस्टर लावायला गेलो होतो. सकाळची तपासणीची वेळ होती आणि बाकं खच्चून भरली होती. पोटं, पिशव्या, सोबत आलेली पोरं, एक म्हातारी भिंतीला टेकून झोपलेली. माझं पोस्टर जिन्यापाशी होतं. गोरंगोमटं बाळ, खाली माझं वाक्य. एक कोपरा ओल येऊन फुगला होता.

सिस्टर म्हणाली, “बरं झालं लावलंस. ओल झाकली.”

मी दवाखाना वाचवायला आलोय असं तिला सांगितलं. साधारण तशाच आवाजात सांगितलं. तिनं माझ्याकडे वरून खाली बघितलं.

“मला शहरात जागा मिळतेय,” ती म्हणाली. “पगार जास्त आहे. रात्री कुणी उठवणार नाही. तेव्हा माझ्यासाठी वाचवत असशील तर राहू दे.”

हे माझ्या भाषणात बसत नव्हतं. मी भट्टीच्या बायकोचं विचारलं. तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला.

“तिची काळजी वाटते. खरं तर तिनं शेवटचे दिवस शहरातच जाऊन राहायला पाहिजे.”

“कुठं राहील? शहरात त्यांचं कोण आहे?”

“तेच तर.”

“आणि इथं झाली तर?”

“इथं मी आहे, औषध आहे, गल्लीच्या टोकाला तिचं घर आहे. मोठं काही नाही. पण रक्त जायला लागलं की घाट मोठा असतो.” मग आतून कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

बैठक पालिकेच्या मोठ्या हॉलमध्ये. माझं काम स्क्रीनवर एकेक चित्र पुढे सरकवायचं. पहिला ग्राफ आला. हिरवा, डोंगर चढावा तसा वर जाणारा. टाळ्या वाजल्या. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. अंगावर मूठभर मांस चढलं. मग दुसरा आला. लाल. हॉलमध्ये हळहळ झाली, माझ्या लाल रंगाची जादू. एक सदस्य म्हणाले, “एवढी घसरण असताना चालू ठेवणं म्हणजे पैसा पाण्यात.”

मी उभा राहिलो.

उभं कसं राहायचं याचा मी काही विचार केला नव्हता. खुर्ची मागच्या माणसाच्या गुडघ्याला लागली. त्यांची माफी मागण्यात सुरुवातीचा जोर गेला.

“बाई, हे दोन्ही ग्राफ एकच आहेत,” मी म्हणालो.

“रंग वेगळे आहेत,” एक सदस्य म्हणाले.

“हो, म्हणजे बाळं एकच आहेत. पिशवी आणि खाट.” इथं लोक एकमेकांकडे बघायला लागले. “समजा, पाव आहे. पाव तेवढाच आहे, पण फोटो जवळून काढला...”

“पावाचं काय?” बाईंनी शांतपणे विचारलं.

“सांगायचं म्हणजे, हा उतार मीच उभा केलाय. खालचा भाग कापून.”

“छान कापलाय,” बाई म्हणाल्या. “विषय समजतो. पुढे?”

भट्टीचा चेहरा डोळ्यांसमोर, वहिनीचं पोट डोळ्यांसमोर, आणि तोंडात पाव. इतक्यात घसरणवाल्या सदस्यांनी मला सोपा प्रश्न टाकला. ते म्हणाले, “बायका तिथं जातच नाहीत, तर ठेवायचं कुणासाठी?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं. स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो होतो. मी अगदी ठासून म्हणालो, “कोण म्हणतं जात नाहीत? मी काल सकाळी तिथं होतो. बसायला जागा नव्हती. दिवसा तर नुसती रीघ असते.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, जिंकलो.

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या विचार करताना तसं करतात. “दिवसा,” त्या म्हणाल्या. “हे महत्त्वाचं आहे. मग पूर्ण बंद करायची गरजच नाही. दिवसा चालू ठेवू. खरा खर्च रात्रीच्या माणसांचाच असतो.”

“नाही, ती गर्दी तपासणीची...” मी म्हणालो, पण तोवर सगळे एकदम बोलायला लागले होते. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं. बंद केलं असं कुणाला म्हणावं लागणार नव्हतं आणि पैसेही वाचणार होते. मी अजून दोनदा “पण” म्हणालो. दुसरा “पण” मागच्या माणसालाही ऐकू गेला नसावा, आणि त्याचा गुडघा माझ्या खुर्चीला टेकलेला होता.

निर्णय असा झाला: प्रसूतिसेवा सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं की ही सूचना आमच्या तरुण सहकाऱ्याची. पुन्हा टाळ्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर हातात प्रोजेक्टरचं बटण घेऊन दाखवलं.

आणि वेळेचं पोस्टर करायचं कामही मलाच आलं. मी केलं. नोकरी आहे. वर एक हसरा सूर्य काढला. वाटलं, दिवसाचं आहे तर सूर्य शोभेल.

दुसऱ्या दिवसापासून गावानं मला सोडलं नाही. कोपऱ्यावरचा चहावाला कप पुढे सरकवत म्हणाला, “पोटातल्या पोराला घड्याळ कुणी शिकवायचं? त्याचा पण व्हिडिओ काढणार आहेस का?” मावशींनी विचारलं, मधे जेवणाची सुट्टी आहे का, म्हणजे तेवढा वेळ कळा थांबवायच्या का. पालिकेतल्या एकानं माझं नाव पाडलं, ‘नऊ ते पाच’. अजून तेच चालू आहे.

आईनं पोस्टर बघितलं आणि म्हणाली, “तू पहाटे झालास. तेव्हा हा नियम असता तर अजून आतच असतास. गावाची पीडा टळली असती.”

ताईकडे गेलो तर ती पोट धरून हसली. खरंच पोट धरून, दोन्ही हातांनी. हसता हसता डोळे पुसले आणि नीट सरळ बसली.

“मी शहरात चाललेय म्हणून तुझ्या त्या दवाखान्याचं एक बाळ कमी झालं ना?”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे. आणि मी तरी जाणारच आहे हं. तू तोंड पाडलंस तरी जाणार. एवढ्या वर्षांनी झालंय, मी जिवाशी खेळणार नाही.”

“कोण म्हणतंय खेळ म्हणून?”

“मग तुझ्या मित्राच्या बायकोनं का खेळायचं?” तिनं विचारलं. मला नाही, खिडकीकडे बघून विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “गाणी काढलीस का माझी?”

काढली होती. तिला दिली.

भट्टीकडे जायचं मी टाळत होतो. रोज ठरवायचो, रोज काहीतरी काम निघायचं. काम म्हणजे पोस्टरावरचा सूर्य थोडा डावीकडे घ्यायचा, असली कामं. शेवटी एका संध्याकाळी गेलोच. तो मला ओरडेल, पिठाचा गोळा फेकून मारेल, कान लाल होतील, असं सगळं मनात धरून गेलो होतो. मारला असता तर बरं वाटलं असतं.

बेकरीच्या दारावरच माझं पोस्टर होतं. मालकानं लावलं असणार, पालिकेचा आदेश होता. भट्टी आत ट्रे पुसत होता.

“सूर्य छान काढलायस,” तो म्हणाला.

एवढंच. मी ओट्याच्या कडेला टेकलो. पिठानं पँट पांढरी झाली. झटकली नाही.

“मी नीट सांगितलं नाही,” मी म्हणालो. “मी सांगायला गेलो आणि त्यांना कमी खर्चात सुटायची वाट मीच दाखवली. बाई माझं ऐकतात, हे पण खरं नव्हतं. एकदा चहा सांडला होता, तेवढंच.”

“माहितीये.”

“काय माहितीये?”

“चहाचं. तुझ्या आईनं सांगितलं होतं, शर्ट धुताना. अख्ख्या गल्लीला माहितीये.” त्यानं ट्रे खाली ठेवला. “तरी मी तुलाच म्हणालो बोल म्हणून. दुसरं कोण होतं? मी बाईंना ओळखत नाही, सदस्य मला ओळखत नाहीत. म्हटलं, याला निदान त्या हॉलमध्ये आत सोडतात.”

मी ओट्यावरचं पीठ बोटानं गोळा करायला लागलो.

“सिस्टर?” मी विचारलं.

“जाणार आहे. महिनाअखेर. तोपर्यंत पाचनंतर तिनं हात लावायचा नाही, वरून सांगितलंय. लावला तर तिचीच नोकरी जायची.” तो पुन्हा ट्रे पुसायला लागला, पुसून झालेलाच. “मालकाला म्हणालो, दिवसपाळी द्या एवढा महिना. म्हणाला, पाव दिवसा कोण भाजतं? बरोबर आहे त्याचं. पाव रात्रीच भाजतात. पोरं पण रात्रीच होतात. आमचं सगळं रात्रीचंच आहे.”

मला माझ्या पोस्टरावरचा सूर्य आठवला. लाज म्हणजे काय असते ते मला त्या दिवशी कळलं. पँटवरच्या पिठापेक्षा जास्त पांढरा झालो असेन.

“घरी कोण असतं रात्री?”

“आई. तिला ऐकू कमी येतं, गुडघे गेलेत. आणि पोरगी. पोरगी झोपलेली.” त्यानं फडकं खाली ठेवलं. “हिनं हाक मारली तर ऐकणारं कुणी नाही, असं धरून चाल. मी इथं. बेकरीतला आवाज तर तुला माहितीये, फोन खिशात वाजला तरी कळत नाही.”

मी म्हणालो, “मी येतो.”

“कुठं?”

“तुमच्याकडे, रात्री. बाहेरच्या खोलीत झोपतो. तू पाळीवर निघालास की मी येतो, तू परत आलास की जातो. तिची सुटका होईपर्यंत.”

भट्टीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं हसेल. गाव हसणारच होतं. पाळण्याची पोस्टरं लावणारा बिनलग्नाचा माणूस, दुसऱ्याच्या बायकोच्या बाळंतपणाची वाट बघत उशी घेऊन चाललाय. चहावाल्याचं महिनाभराचं काम झालं असतं. पण तो हसला नाही.

“तुला झोप किती गाढ लागते ते मला माहितीये.”

“दाराला पाय लावून झोपतो. वहिनींना सांग, काठीनं ढोसा म्हणून.”

“आणि मग काय करशील?”

मी पटकन म्हणालो, “आधी तुला फोन करीन.”

“तेच नको.” त्याचा आवाज एकदम चढला, आणि कान लाल झाले. इतक्या वेळात पहिल्यांदा. “मागच्या वेळी मी फोन करायलाच बाहेर गेलो होतो. सगळ्यांना सांगत बसलो होतो, मुलगी झाली, मुलगी झाली. आत तिचं रक्त चाललं होतं. मला फोन करण्यात एक क्षणही घालवायचा नाही. माझ्या आईला उठवण्यात नाही, तुझ्या आईला विचारण्यात नाही. पहिली कळ आली, की आधी गाडी. कोपऱ्यावरच्या टॅक्सीवाल्याला मी सांगून ठेवलंय, तो उठतो. तिला मागे बसव, तू शेजारी बस, घाट धर. कळ खोटी निघाली तर निघू दे. परत या. दहा वेळा जा, दहा वेळा परत या. टॅक्सीवाला शिव्या देईल, खा.”

“खाईन.”

“आणि घाट पार झाला, इस्पितळाचं दार दिसलं, तिला आत घेतलं, की मग मला फोन कर. त्याच्या आधी नाही. मी इथं पाव जाळले तरी चालेल, पण त्याच्या आधी मला काही कळवू नकोस. शब्द दे.”

बाहेर उजेड कमी होत आला होता. रस्त्यावरून दिवसपाळीचे लोक घरी निघाले होते. मालकानं आतून आवाज दिला, भट्टी तापली का म्हणून.

मी त्याच्या पिठाच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, “आधी गाडी. मग घाट. मग दार. तू शेवटी. शब्द दिला.”